निजलेल्याचे साक्षीदार : निद्राविकारांची ओळख

'मी निजलो आहे' हे वाक्य व्याकरणाच्या कसोटीवर निर्दोष आहे. कर्ता, क्रियापद, काळ, सारे यथास्थित आहे. तथापि ते खरेपणाने उच्चारणारा मनुष्य अद्याप जन्मास आलेला नाही. 'तो निजला आहे' असे दुसऱ्यानेच म्हणावयाचे असते. भाषेच्या तासाला हा एक विनोद म्हणून सांगता येतो. वैद्यकात मात्र त्याला मोठा अर्थ आहे. दात ठणकला, पोट दुखले, ताप चढला, तर ते ज्याचे त्याला कळते. झोपेतील बिघाड ज्याला जडलेला असतो त्यालाच तो बहुधा ठाऊक नसतो. त्याच्या वाट्याला येते ते केवळ दुसऱ्या दिवशीचे जड डोके, चिडचिड आणि भरदुपारी मिटणारे डोळे. रात्रीची हकीकत सांगू शकतो तो शेजारच्या अंथरुणावरचा माणूस.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या बऱ्हाणपुरातील कितीतरी घरांत सारे कुटुंब एकाच खोलीत, आणि उन्हाळ्यात एकाच गच्चीवर, शेजारी शेजारी निजते. अशा प्रत्येक घरात साक्षीदार असतात, आणि त्यांत तुम्हीही असता. या साक्षीदारांनी काय पाहावे, पाहिलेले कोणाला सांगावे, आणि कशाचे भय बाळगू नये, हे त्यांना ठाऊक असावे एवढ्यासाठी हा लेख.

मराठीत अशी साक्ष फार पूर्वी देऊन ठेवलेली आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधात, अठराव्या दशकात, निद्रानिरूपण नावाचा नववा समास आहे. सतराव्या शतकातील हे लेखन वाचताना हसू आवरत नाही. कीर्तनाला की निरूपणाला जमलेली मंडळी पेंगू लागतात, तिथपासून आरंभ होतो. जांभया येतात, डुलक्या लागतात. कोणी कलंडून वीणा फोडतो. कोणी टेकल्या ठिकाणीच घोरू लागतो. कोणी हातपाय हालवतो, कोणी करकरा दात खातो. कोणी बरळतो, कोणी ओरडत उठतो, कोणी वाईट स्वप्नाने घाबराघुबरा होतो. कोणाची अंथरुणातच लघुशंका होते. आणि कोणी माळवदावरून उतरून अंधारात हिंडू लागतो तो चुकून उकिरड्यावर जाऊन निजतो! समर्थांचा रोख आळसावर व जागृतीच्या महतीवर आहे, वैद्यकावर नाही. परंतु त्यांनी पाहिले ते इतक्या बारकाईने की आजच्या निद्रावैद्यकाच्या ग्रंथाची अर्धी अनुक्रमणिका त्या एका समासात सापडते. आणि ते लिहिता आले, कारण सारे निजले असता एक जण जागा होता.

त्यांनी पाहिलेल्या या गोष्टी एकाच जातीच्या नव्हेत. त्या निरनिराळ्या का, हे कळण्यासाठी झोपेची घडण थोडी समजून घेतली पाहिजे.

झोप म्हणजे दिवा मालवावा तसा मेंदू बंद पडणे, अशी समजूत दीर्घकाळ होती. जर्मनीतील हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्याच्या त्वचेवरून मेंदूतील विद्युत्स्पंदने प्रथम नोंदली, आणि निजलेल्या मेंदूतही व्यवहार चालू असतो हे कागदावर दिसू लागले. पुढे शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की हा विद्यार्थी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या पापण्यांजवळ तारा लावून रात्र रात्र जागत बसला. मुलगा गाढ झोपलेला, आणि तरी मधूनमधून मिटल्या पापण्यांखाली बुबुळे झपाट्याने इकडून तिकडे धावत होती! असेरिन्स्की व त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी हा शोध १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. बुबुळे धावतात त्या वेळी जागे केलेला मनुष्य बहुतेक वेळा स्वप्न सांगतो. म्हणून तिला आपण स्वप्ननिद्रा म्हणू. दुसरी ती शांत निद्रा. तिच्यात उथळ पायरीवरून मनुष्य खोल उतरतो. शांत निद्रा व स्वप्ननिद्रा मिळून साधारण दीड तासाचे एक आवर्तन होते, आणि रात्रीत अशी चार-पाच आवर्तने होतात. गाढ शांत निद्रा रात्रीच्या पूर्वार्धात अधिक असते. स्वप्ननिद्रा पहाटेकडे लांबत जाते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे साक्षीदाराला घड्याळाकडे पाहूनच पुष्कळसा तर्क करता येतो.

उकिरड्यावर जाऊन निजलेला तो मनुष्य घ्या. झोपेत चालणे हा गाढ शांत निद्रेतील प्रकार होय. मेंदूचा काही भाग जागा होतो, काही निजलेलाच राहतो. पाय चालतात, विचार चालत नाही. म्हणून हे बहुधा निजल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत घडते. डोळे उघडे असतात, पण नजर शून्य असते. प्रश्न विचारला तर असंबद्ध उत्तर येते. सकाळी काही आठवत नाही. लहान मुलांत हे अधिक, पुष्कळदा एकाच घराण्यात अनेकांना असते, आणि वय वाढेल तसे बहुतेकांचे आपोआप थांबते. जागरण झाले, ताप आला, किंवा निजताना लघवीला जाणे राहिले, म्हणजे त्याला निमित्त मिळते. अशा मुलाला हलवून, ओरडून जागे करू नये. जागे केल्याने तो मरतो वा वेडा होतो ही निव्वळ दंतकथा आहे; पण गोंधळून तो झटापट करतो. हाताला धरून हलकेच अंथरुणाकडे वळवावे, तो पुन्हा निजतो.

आपल्या गावी या विकारात खरा धोका आहे तो गच्चीचा. वैशाखात पारा चाळिशीच्या बराच वर जातो, आणि घरेच्या घरे अंथरुणे घेऊन वर जातात. कित्येक गच्च्यांना कठडा नसतो, असला तर गुडघ्याएवढा. ज्या घरात झोपेत चालणारे मूल आहे त्या घराने उकाडा सोसून त्याला खाली निजवावे. वर न्यायचेच झाले तर मोठ्या दोघांच्या मध्ये, कठड्यापासून दूर निजवावे व जिन्याच्या दाराला कडी घालावी. एवढ्याने जीव वाचू शकतो, आणि त्यास औषधाची गरज नाही.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना येथे शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ आठवेल. 'राजमुकुट' या वि. वा. शिरवाडकरांच्या रूपांतरातूनही ती कथा मराठी रंगभूमीवर आली. पाचव्या अंकाच्या आरंभी राणी दिवा घेऊन झोपेत चालत येते व न दिसणारे रक्ताचे डाग चोळू लागते, हा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. माझे लक्ष मात्र दर वेळी दाराआड उभ्या असलेल्या दासीकडे जाते. तिने हे अनेक रात्री पाहिले आहे आणि म्हणून वैद्याला बोलावून आणले आहे. राणी काय करते ते ती सांगते. काय बोलते ते मात्र, दुजोरा देणारा दुसरा साक्षीदार नसल्यामुळे, सांगण्याचे नाकारते. वैद्य स्वतः पाहतो, ऐकतो आणि लिहून घेतो. निद्राविकाराची तपासणी कशी असावी याचा तो उत्तम नमुनाच आहे.

गाढ झोपेतून एकाएकी किंकाळी फोडून उठणे हा याच कुळातला दुसरा प्रकार. मूल उठून बसते, डोळे विस्फारलेले, अंग घामाने डबडबलेले, ऊर धपापत असलेला. आईने जवळ घेतले तरी ते तिला ओळखत नाही. काही मिनिटांनी ते पुन्हा निजते, आणि सकाळी हसत खेळत उठते. घरच्यांची मात्र पाचावर धारण बसलेली असते. वाईट स्वप्नाचे याच्या उलट. ते उत्तररात्री पडते, मूल पुरते जागे होते, आईला बिलगते आणि स्वप्न तपशीलवार सांगते. या दोहोंत बाहेरची बाधा काहीही नाही. क्वचित अपस्माराचे झटके झोपेतच येतात, त्यांकडे मात्र दुर्लक्ष नको. एकाच प्रकारच्या हालचाली, अंग ताठ होणे, जीभ चावली जाणे, एका रात्रीत अनेकदा तेच ते होणे, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना तत्काळ दाखवावे.

आता त्या छातीवर बसणाऱ्या भुताविषयी. ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल, काहींनी अनुभवलीही असेल. पहाटेच्या सुमारास जाग येते, खोली दिसते, आवाज ऐकू येतात. पण हात उचलत नाही, हाक फुटत नाही, छातीवर दडपण येते आणि खोलीत कोणी तरी आहे असे वाटते. माझी मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे झोपेला 'न्हीद' म्हणतात, आणि हे न्हिदेतले संकट देवचाराच्या नावावर खपते. येथे ते चुडेलीच्या नावावर जाते. जपानात या अवस्थेला कानाशिबारी म्हणतात, त्याचा अर्थ लोखंडी बंधन. चित्रकार हेन्री फ्युसेली याने १७८१ मध्ये रंगविलेल्या प्रसिद्ध चित्रात निजलेल्या स्त्रीच्या छातीवर एक सैतानी आकृती बसलेली आहे. देशोदेशीच्या भुतांची नावे वेगळी, पण त्यांची वागणूक इतकी एकसारखी, तेव्हा मूळ माणसाच्या शरीरातच असले पाहिजे.

आणि ते तेथेच आहे. स्वप्ननिद्रेत मेंदू डोळ्यांचे व श्वासाचे स्नायू वगळून शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल करून ठेवतो, म्हणजे स्वप्नात धावताना आपण अंथरुणातून खरोखर धावत सुटू नये. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायूंवरचे हे कुलूप निघायला काही क्षण उशीर लागतो. स्वप्नाचे तुकडे जागेपणात मिसळतात, त्यांतूनच खोलीतील ती व्यक्ती निर्माण होते. हा प्रकार काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत संपतो. शेजारच्याने नुसता स्पर्श केला वा हाक मारली तरी तो बहुधा तुटतो. अपुरी झोप झाली असता किंवा उताणे निजले असता तो अधिक संभवतो. यासाठी भगताकडे जाऊन कोंबडे देण्याचे वा धुरी घेण्याचे काही एक प्रयोजन नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. धुरीने छाती मात्र खरोखर भरून येते. कुलूप लागतच नाही असाही एक विकार आहे. त्यात वयस्क मनुष्य, विशेषतः पुरुष, स्वप्नातील मारामारी अंथरुणात प्रत्यक्ष करतो. हा १९८६ मध्ये वेगळा ओळखला गेला, आणि काहींत तो पुढे होणाऱ्या कंपवाताची पूर्वसूचना ठरतो. आजोबा झोपेत लाथा मारतात म्हणून नातवंडे हसतात. हसावे, पण सांगावेही.

सर्वांत अधिक दुर्लक्षित लक्षण म्हणजे घोरणे. घोरणारा गाढ झोपला आहे, सुखी आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः घोरणे हा अरुंद झालेल्या वाटेतून वारा ओढण्याचा आवाज आहे. सर्दीत सगळेच थोडेफार घोरतात, त्याचे काही नाही. साक्षीदाराने कान द्यायचा तो आवाजाकडे नव्हे, तर आवाज थांबतो त्या क्षणाकडे. घोरणे चढत जाते, एकदम शांतता पसरते, छाती-पोट श्वासासाठी झगडत असतात पण वारा आत जात नाही. दहा, वीस, कधी तीस सेकंद. मग एक मोठा हुंदका, धडपड, आणि पुन्हा घोरणे. घसा मिटला, रक्तातील प्राणवायू उतरला, मेंदूने घाबरून क्षणभर जागे केले, घसा उघडला, असे हे चक्र. रात्रीतून ते शेकडो वेळा घडू शकते, आणि निजलेल्याला एकदाही आठवत नाही! याला निद्राश्वासरोध म्हणावे. डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्नीया म्हणतात. प्रौढांत प्रत्येक खंड किमान दहा सेकंदांचा, आणि असे खंड तासाला पाच वा अधिक असले, तर तो विकार धरला जातो. त्याने रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो, सकाळी डोके दुखते, तोंडाला कोरड असते. आणि दिवसा वाहन चालवताना डोळा लागला तर परिणाम सांगावयास नको.

चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत (१८३६-३७) ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो दार ठोठावता ठोठावता निजतो, जेवणाचे ताट हाती असताना घोरतो. वाचक शंभराहून अधिक वर्षे त्याला हसले. १९५६ मध्ये काही अमेरिकन डॉक्टरांनी अशाच लक्षणांच्या एका लठ्ठ रुग्णाचे वर्णन करताना विकाराला पिकविकचे नाव दिले, आणि ज्योचे ऐदीपण हा आजार असावा हे जगाच्या ध्यानी आले. कादंबरीकाराने तो नेमका पाहिला होता. नाव द्यायला एकशे वीस वर्षे लागली.

हा विकार लठ्ठ प्रौढांचाच, असे मात्र समजू नये. मुलांत तो बहुधा वाढलेल्या टॉन्सिल्समुळे आणि नाकामागील अ‍ॅडिनॉइड नावाच्या गाठीमुळे होतो. असे मूल तोंड उघडे टाकून निजते, मान मागे ताणते, घामाघूम होते, आणि पुष्कळदा अंथरूण ओले करते. दिवसा ते पेंगेलच असे नाही. उलट अतिशय चळवळे, चिडखोर, अभ्यासात लक्ष न लागणारे होते. म्हणजे रात्रीचा रोगी दिवसा वर्गात खोडकर म्हणून शिक्षा भोगतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून गाठी काढल्या की अशांपैकी बहुसंख्य मुलांत मोठी सुधारणा होते. प्रौढांना वजन उतरवणे, कुशीवर निजणे, मद्य टाळणे यांचा उपयोग होतो. आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी शोधलेले एक यंत्र आहे. ते नाकावरच्या मुखवट्यातून हलक्या दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवते. रात्री तोंडावर मुखवटा बांधून निजणारा गृहस्थ पाहून मुलांना मौज वाटेल. त्या गृहस्थाच्या पत्नीला विचारावे, कित्येक वर्षांनी तिलाही शांत झोप लागलेली असते.

अंथरूण ओले होण्याचा उल्लेख आलाच आहे, तर एक शब्द त्याविषयी. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरांना हे होते, आणि दरवर्षी त्यांतील काही जण त्यातून बाहेर पडतात. हायस्कूलच्या वयातही थोडे उरतात. त्यात मुलाचा दोष नसतो. गाढ झोप, मूत्राशयाची वाढ, घराण्याचा वारसा यांचा तो परिणाम. पूर्वी कोरडे असलेले मूल पुन्हा ओले करू लागले तर मधुमेह, मूत्रमार्गाचा दाह वा मनाचा काही ताण यांचा शोध घ्यावा. त्या मुलाला चिडवणारा भाऊ किंवा वसतिगृहातील मित्र हा साक्षीदार नव्हे, तो छळवादी आहे.

वर्गात पेंगणाऱ्यांविषयी शिक्षकांनीही काही जाणून घेणे अगत्याचे आहे. पुरेशी झोप घेऊनही जो दिवसातून अनेकदा अनावर झोपेने पाडला जातो, आणि विशेष म्हणजे खदखदून हसताना ज्याचे गुडघे एकाएकी लुळे पडतात वा जबडा लोंबतो, त्याला नार्कोलेप्सी हा विकार असू शकेल. हे नाव जेलिनो या फ्रेंच डॉक्टराने १८८० मध्ये दिले. तो दुर्मिळ आहे, पण पुष्कळदा नेमका शाळकरी वयातच सुरू होतो. मेंदूत जागेपण टिकवणारे ओरेक्सिन नावाचे एक द्रव्य आहे. ते बनविणाऱ्या पेशी अशा बहुतेक रुग्णांत नाहीशा झालेल्या असतात. त्याला बाकावर उभे करून त्या पेशी परत येणार नाहीत. दुसरा विकार पायांचा. संध्याकाळी निवांत पडले की पोटऱ्यांत मुंग्या, ओढ, सांगता न येणारी तळमळ सुरू होते, आणि पाय हालवले की बरे वाटते. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकात, म्हणजे समर्थांच्याच काळात, याचे वर्णन केले होते. अंगातील लोह कमी झाले असता ही तळमळ वाढते. आपल्याकडे मुलींत रक्तक्षय किती आढळतो हे सर्वांस ठाऊक आहे; तेव्हा पाय चेपून देणाऱ्या आईने एकदा लोहाची तपासणीही करून घ्यावी. दात खाण्याला जंत कारण असतात ही समजूत घरोघरी आहे, पण त्यास आधार नाही. ताण, जागरण, श्वासाचा अडथळा ही निमित्ते अधिक खरी.

उरला निद्रानाश. याचा साक्षीदार मात्र रुग्ण स्वतःच असतो, आणि तो साक्ष जरा वाढवून देतो! 'रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही' असे सांगणारा पुष्कळदा चार-पाच तास झोपलेला असतो. तथापि त्याचा त्रास खोटा नव्हे. झोप लागत नाही, मध्येच मोडते, किंवा पहाटे फार लवकर जाग येते, आणि हे आठवड्यातून तीन रात्री याप्रमाणे तीन महिने चालले, तर तो जुनाट निद्रानाश होय. दुकानातून गोळ्या आणून घेणे हा त्यावरचा सर्वांत वाईट मार्ग. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसणे, अंथरुणावर अभ्यास न करणे, असे सवयींचे शिक्षण डॉक्टर देतात, व ते गोळीपेक्षा अधिक टिकते.

परीक्षेच्या दिवसांत जागरणाची जी स्पर्धा चालते तिची गोष्ट वेगळी. तेथे झोप येत असते आणि ती हाकलली जाते. अमेरिकेत सॅन डिएगो येथील रँडी गार्डनर या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने विज्ञान-प्रदर्शनासाठी डिसेंबर १९६३ ते जानेवारी १९६४ या काळात २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, जागून दाखवले. शेवटी शेवटी त्याची स्मृती व लक्ष ढासळले, भास होऊ लागले. नंतर तो सुमारे चौदा तास झोपला व बरा झाला. पण उतारवयात त्याला कडक निद्रानाश जडल्याचे त्यानेच पुढे सांगितले. असल्या विक्रमांची नोंद घेणे गिनेसच्या पुस्तकाने कालांतराने सोडून दिले. दिवसा वाचलेले रात्रीच्या झोपेत मेंदूत पक्के होते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीची झोप हा अभ्यासाचाच भाग होय. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोप हवी. किती जणांना मिळते ते प्रत्येकाने स्वतःच मोजावे.

त्यात या वयाची एक अडचण आहे. शरीरात एक घड्याळ आहे. ते पेशींत कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रोसबाश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वयात येताना हे घड्याळ उशिरा चालू लागते. रात्री अकरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. मोबाइलचा उजेड ते आणखी मागे ढकलतो. सकाळच्या पहिल्या तासाला जांभया देणारा दहावीचा मुलगा सर्वस्वी आळशी असतोच असे नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढले, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ वाजता वा त्यानंतर भरवावेत. लहानग्यांवर ही कृपा झाली हे योग्यच. पण ज्यांचे घड्याळ खरोखर मागे पडते ते नववी-दहावीचे विद्यार्थी त्यातून वगळले गेले, याचे मला नवल वाटते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये हायस्कुले साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली होती.

या घड्याळाची सर्वांत कठोर परीक्षा आपल्या गावात पाहावयास मिळते. बऱ्हाणपूर हे पॉवरलूमचे गाव. रात्री बारा वाजता कितीतरी मोहल्ल्यांतून मागांची खडखड ऐकू येते, आणि त्या खडखडीत तुमच्यापैकी कित्येकांचे वडील उभे असतात. केळीच्या बागांना रात्रीच्या विजेवर पाणी देणारा शेतकरी, घाट चढणाऱ्या मालमोटारीचा चालक, दवाखान्यातील परिचारिका, ही सारी मंडळी शरीर निजायला सांगत असता जागतात आणि ते जागे करत असता निजू पाहतात. दिवसाची झोप तुटक व उथळ लागते. पाळी वारंवार बदलली तर घड्याळाला कोणतीच वेळ आपली वाटत नाही. पोट बिघडते, चित्त चिडते, आणि पहाटे तीन ते पाचच्या सुमारास, जेव्हा शरीराची जाग सर्वांत मंद असते, तेव्हा हात यंत्रात जाण्याचा धोका वाढतो. रात्रपाळीचा मनुष्य दुपारी झोपतो तो आळसाने नव्हे. त्याची ती मध्यरात्र असते. घरातील मुलांनी त्या वेळी खिडकीला जाड पडदा वा घोंगडी टाकावी, दूरदर्शन बंद ठेवावे, आणि दारावर येणाऱ्याला हलक्या आवाजात परतवावे. पाळी सुटून घरी येताना त्याने उन्हाचा चष्मा वा टोपी घातली तर सकाळचा प्रखर प्रकाश घड्याळाला थोडा कमी फसवतो.

आता साक्ष लिहिण्याची रीत. दोन आठवडे एका वहीत रोज टिपावे : निजण्याची व उठण्याची वेळ, घोरणे होते का आणि त्यात शांततेचे खंड पडतात का, पडत असतील तर मनात अंक मोजून ते किती लांब, उठणे, चालणे, ओरडणे किती वाजता घडले, सकाळी त्याला काही आठवले का, दिवसा केव्हा व कुठे डोळा लागला. चहा किती वाजता घेतला तेही लिहावे, कारण संध्याकाळच्या चहाचा अंमल पुष्कळ तास राहतो. घोरण्याचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवता आला तर उत्तम. मात्र ते चित्रण डॉक्टरांसाठी असते, मित्रांत फिरवण्यासाठी नव्हे. ही वही घेऊन प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. ते आवश्यक तर मोठ्या शहरातील रुग्णालयात रात्रभराच्या तपासणीस पाठवतील. तेथे डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला व पायाला तारा लावून, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा अडकवून, रुग्णाला निजण्यास सांगतात. परक्या खोलीत इतक्या तारांमध्ये झोप कशी लागेल असे प्रत्येकालाच वाटते, आणि तरी बहुतेकांना ती लागते. पलीकडच्या खोलीत, पडद्यावर उमटणाऱ्या रेषांकडे पाहत, एक मनुष्य सकाळपर्यंत जागा असतो.